विहिरीची वायर जीपमध्ये

लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्यासोबत पिको-फॉलची मशीन आली. साडीच्या कडेला बारीक टीप घालायची, खाली फॉल लावायचा, हे काम मी माहेरी कळमनुरीत शिकले होते आणि हात बरा बसला होता. मशीनला विजेची मोटर होती. सासरचं गाव औंढा तालुक्यात, जवळा बाजारच्या अलीकडं. गावात वीज होती, म्हणजे खांब होते, तारा होत्या, तारांवर पोपट बसायचे. करंट तेवढा नसायचा. दोन हजार सालाच्या पुढं लोडशेडिंग ज्यांनी मराठवाड्यात काढलं त्यांना जास्त सांगायला नको. लाईट यायची ती अशा आडवेळी की गाव आधी चक्कीकडं धावायचं, मग विहिरीकडं, आणि माझ्या मशीनची पाळी येईस्तोवर ती परत गेलेली असायची.

मशीनवर सासूबाईंनी पापड वाळत घालायला सुरुवात केली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

जवळ्याच्या आठवडी बाजारात साड्यांची पालं लागायची. बाया तिथं साडी घ्यायच्या आणि पिकोसाठी वसमतला नाहीतर हिंगोलीला कुणाच्या तरी हातानं धाडायच्या. साडी परत यायला हप्ता जायचा, कधी दुसरीचीच यायची. मी मालकांना म्हटलं, मालक म्हणजे माझा नवरा, की साडी घेतली तिथंच पिको करून दिला तर? मालकांची प्रवासी जीप होती, औंढा ते जवळा फेऱ्या मारायची. जीपच्या मागच्या भागात मशीन ठेवायची, मागचा पडदा वर करायचा, झालं दुकान. राहिला करंट. तर वारंगा फाट्यावर ट्रकवाल्यांच्या दुकानात मालकांनी एक डबी बघितली होती. बॅटरीच्या करंटचा ती घरच्यासारखा करंट करून द्यायची. ट्रकवाले त्यावर टीव्ही बघत जायचे म्हणे. आम्ही ती इन्व्हर्टरची डबी घेऊन आलो आणि घरात रामायण सुरू झालं.

आमच्याकडं सासऱ्याला मामा अन् सासूला मामी म्हणायची रीत आहे. आमचे मामा धिप्पाड, आवाज असा की शेताच्या धुऱ्यावरून बोलले तर गावात बैल उभे राहायचे. सून बाजारात बसणार हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. पण तसं तोंडानं म्हणाले असते तर मालक बोलले असते, मी बोलले असते, भांडण झालं असतं. म्हणून मामांनी वायरीचं निमित्त धरलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत.

"वायर कोणची लावणार?" मामांनी विचारलं.

"लावू कोणतीही," मालक म्हणाले.

"कोणतीही? जीप जाळून राहिला काय लेका? सुनेला बी जाळशील. म्या न्हाई बा परवानगी देणार."

मग अंगणात पंचायत बसली. शेजारी पंपाच्या मोटरी बांधणारा एक जण राहायचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचा. त्याला बोलावलं. तो माणूस इतका शहाणा की त्यानं बांधलेली मोटर दुसऱ्या हंगामाला परत त्याच्याच दारात यायची. त्यानं डबी कानाशी लावून हलवून बघितली आणि निकाल दिला, "बॅटरीकडून बारा व्होल्ट येणार. बारा व्होल्ट म्हंजी काई न्हाई. जिभंला लावा, झिणझिण्या बी येणार न्हाईत. तिकडं सुतळी लावली तरी चालंल. डबीतून निघल तो करंट खरा. तो माणूस मारतो. तिकडं जाड वायर पायजे."

सगळ्यांना हे एकदम पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? जो करंट शॉक देतो त्याला जाड वायर, जो देत नाही त्याला बारीक. हाताला कळतं तेवढंच आपण खरं मानतो. इन्व्हर्टरपासून मशीनपर्यंत मालकांनी चांगली करकरीत नवी वायर आणली, हातभरच लागणार होती ती. बॅटरी पुढं बोनेटमध्ये, मशीन मागं, डबी मशीनच्या बाजूला. आता बॅटरीपासून मागपर्यंत कुठली वायर न्यायची, एवढाच सवाल राहिला.

तेव्हा मामा उठले, ओसरीवरच्या खुंटीवरून एक बंडल काढून आणलं आणि अंगणात धाडकन टाकलं.

ती त्यांच्या जुन्या विहिरीची वायर होती. डीपीपासून दोन धुरे ओलांडून विहिरीपर्यंत जायची. विहीर आटली, बोअर घेतला, बोअरला नवी केबल आली आणि ही वायर घरी येऊन खुंटीवर बसली. मामांनी तिला ऊन लागू दिलं नव्हतं, उंदीर लागू दिला नव्हता. मामी म्हणायच्या, "माह्यापेक्षा त्या वायरीवर जीव हाय यांचा."

"पाच हॉर्सपॉवरची मोटर चालली हिच्यावर," मामा म्हणाले. "एवढी हळद भिजवली हिनं. तुही शिलाई मशीन काय चीज हाय?"

मी बघतच राहिले. ज्या माणसाला मी बाजारात जायला नको होते, तोच वायर देऊन राहिला! मग माझ्या ध्यानात आलं. मशीन चालली तर मामांच्या वायरवर चालली, नाही चालली तर सुनेचं खूळ होतं. दोन्हीकडून मामाच वर. माणूस बेरकी, पण मनातून मला त्यांचं कौतुकच वाटलं.

"फक्त तोडायची न्हाई," मामांनी बजावलं.

आमच्याकडं मोटरीची वायर कुणी तोडत नाही. लेकरू रडलं तर चालतं, पण वायर तुटली की शेतकऱ्याच्या पोटात कालवतं. उद्या विहिरीला पाणी लागलं तर? तोडलेली वायर जोडावी लागते आणि जोड आला की कटकट आली. तशी तीन-चार जागी ती आधीच जोडलेली होती, वर काळी टेप गुंडाळलेली, पण ते जुने जोड, ते मामांनी स्वतः मारलेले. तर ठरलं असं की वायरचं एक टोक बॅटरीला, दुसरं डबीला, आणि मधलं सगळं बंडल तसंच सीटखाली पडून राहणार.

"अन् आजून एक," मामा म्हणाले. "एक बाजार. चाललं तर बराबर. न्हाई चाललं तर मशीन घरात, तू घरात, अन् ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

मालक माझ्याकडं बघून डोळ्यांनी नको नको करत होते. पण माझा स्वभाव माहेरापासून असाच, उचलली जीभ लावली टाळ्याला. "कबूल!" मी म्हटलं. मग जाऊन चुलीपुढं बसले. ते पापड मला डोळ्यांपुढं दिसायला लागले. जन्मभर त्या मशीनवर पापडच वाळायचे की काय, असं वाटून मला खरंच रडू आलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. मशीन टेबलासकट जीपमध्ये चढवायला माणसं लागायची आणि ती सकाळीच मिळणार होती, म्हणून डबीला नुसता एक सीएफएल बल्ब लावला. लागला की! दिवसाढवळ्या जीपमध्ये पांढरा लख्ख उजेड. मामींनी बल्बला हात जोडले. मोटर बांधणारा म्हणाला, "म्या सांगतलंच होतं." मामांनी मिशीवरून हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांना आनंद झाला की दुःख, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी साड्यांच्या पालाशेजारी जीप पाठमोरी लावली. मी नवी साडी नेसले होते, मुद्दाम, पदराला स्वतः पिको केलेली. बायांना आधीच खबर होती, त्या येऊन उभ्या राहिल्या. आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात कोण? मामा. धुतलेलं धोतर, कडक टोपी, दोन दोस्त बाजूला घेऊन पुढच्याच बाकावर. जणू गावात तमाशा आला होता आणि यांनी पुढची जागा धरली होती.

पहिली साडी तांड्यावरच्या एका बाईनं दिली, लेकीसाठी घेतलेली, मोरपंखी. मी सुईखाली कड सरकवली, देवाचं नाव घेतलं आणि पायानं पट्टी दाबली.

मशीन एक टीप मारून "हूंऽऽ" करून कण्हली. डबी टीं टीं टीं करून ओरडली, लाल दिवा लागला आणि सगळं बंद. परत चालू केलं, परत दाबलं. हूं. टीं टीं टीं. बंद. मालकांनी डबीला चापट मारली, कारण मालकांचा प्रत्येक यंत्रावर पहिला उपाय तोच. डबी आणखी मोठ्यानं ओरडली.

तांड्याची बाई म्हणाली, "बाई, आजारी हाय का ती? हातानंच शिवून दे नं." बाया फिदीफिदी हसल्या. आणि समोरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज आला, "नाचता येईना अंगण वाकडं!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उडी मारून मशीनवरून उठले आणि रागारागात सीटखाली हात घालून ते बंडल ओढायला गेले. बोट एका जोडावर पडलं आणि चर्रकन भाजलं. टेप मऊ पडून वास सुटला होता. बाकीची वायरही कोमट लागत होती. मी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं डबीतून मशीनला जाणारी नवी वायर चाचपली. गार. एकदम गार.

हे काय गौडबंगाल? जो करंट माणूस मारतो त्याची वायर गार, आणि जो झिणझिण्याही देत नाही त्याची वायर तापली?

"बोनेट उघडा," मी मालकांना म्हटलं.

"काहून?"

"उघडा म्हणते नं!"

बोनेट उघडलं. बॅटरीला मामांची वायर लावलेली होती, आणि तिच्या बाजूनंच जीपची आपली वायर निघाली होती, अंगठ्याएवढी जाड, आखूड, गाडी चालू करणाऱ्या सेल्फकडं जाणारी. मी कितीदा बोनेट उघडलेलं बघितलं होतं, पण ही वायर आज पहिल्यांदा दिसली.

"ही एवढी जाड काहून आहे?" मी विचारलं.

"सेल्फ मारायची हाय ती."

"ते कळलं. पण हिच्यात किती व्होल्ट?"

"बाराच."

"मग जाड काहून?"

इतकी वर्षं जीप चालवली होती त्यांनी. "कंपनीनं दिली," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. पण कंपनी काही मामांसारखी वायरीवर माया करत नाही, उगाच जाड देणार नाही. आणि मला तिथंच, त्या बोनेटसमोर, बोट चोखत चोखत उजेड पडला. मालकांना समजेल असंच सांगितलं. "हे बघा, तुमच्या जीपमध्ये वीस माणसं बसतात. एका गाडीत गेली तर अरुंद रस्ताही पुरतो. तीच वीस माणसं एकेका सायकलवर धाडली तर? रस्ता रुंद पाहिजे, न्हाई तर कोंडी होते. बारा व्होल्ट म्हणजे सायकली. काम तेवढंच करायचं, पण गर्दी लई. काल बल्बला दोन-चारच सायकली लागल्या, म्हणून तो लागला. आणि आपण त्या गर्दीला मामांच्या विहिरीवरून फिरवून आणून राहिलो!"

"वीस न्हाई बसवत मी," मालक म्हणाले. "पोलीस ऐकतील."

बाजाराच्या कडेला ट्रॉल्यांना वेल्डिंग करणारे एक चाचा होते, जनरेटरवर काम चालायचं. त्यांच्या वेल्डिंगची केबल मी लांबून बघितली होती, जाडजूड आणि तरी दोरीसारखी वळणारी. गेले धावत. म्हटलं, चाचा, थोडी केबल द्या. चाचांना वाटलं मी जीपच वेल्डिंग करून राहिले. "बेटी, ये औरतां का काम नै," म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, सासरा समोर बसला आहे." चाचांनी हॉटेलकडं बघितलं, मामांचा कडक चेहरा बघितला आणि जुन्या केबलचे दोन तुकडे तोडून दिले. वर फ्यूजही दिला, बॅटरीजवळ बसवायला. सासरा कसा असतो हे चाचांना ठाऊक असावं.

आता जाड केबल आखूडच मिळाली, मग डबीच बॅटरीजवळ न्यायची. डबी उचलून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवली. पत्र्याला गंजून भोक होतंच, त्यातून केबल आत घेतली. पण मग डबीपासून मागं मशीनपर्यंत लांब वायर कुठून आणायची? मालकांची करकरीत नवी वायर हातभरच. मी आणि मालकांनी एकाच वेळी त्या बंडलाकडं बघितलं आणि एकाच वेळी हसायला आलं. घरचा करंट म्हणजे भरलेली जीप. त्याला अरुंद रस्ता चालतो, लांबही चालतो. तो भाजलेला जोड मालकांनी नीट वळून परत टेपनं गुंडाळला. बंडल होतं तिथंच राहिलं, न तोडता. फक्त त्याचं एक टोक आता डबीला होतं आणि दुसरं मशीनला.

पट्टी दाबली. सुई अशी पळाली की मोरपंखी साडी पुढं सरकवताना माझीच धांदल उडाली. बाया "अगं बाई" करून पुढं वाकल्या. तांड्याच्या बाईनं कडेवरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, मग पिशवीतून दुसरी साडी काढली.

मामा उठून आले. आधी बंडल बघितलं, मग त्याचं टोक मशीनला गेलेलं बघितलं. छाती फुगली. "बोललो होतो का न्हाई? पाच हॉर्सपॉवर!"

"व्हय मामा," मी म्हटलं. "तुमच्याच वायरवर चालून राहिली." आणि यात काडीचंही खोटं नव्हतं.

मग त्यांची नजर पुढच्या सीटखाली गेली. "अन् हे अजगर कायचं?"

मी म्हटलं, "अर्थिंग, मामा."

"हां," मामा म्हणाले. "अर्थिंग जाडच पायजे." आमच्याकडं अर्थिंग म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. पुढं कितीतरी दिवस मामा लोकांना सांगायचे की जीपला अर्थिंग जाड लागते, आणि औंढ्याच्या एका जीपवाल्यानं खरोखर जाड केबल आणून गाडीखाली लोंबती सोडली होती. ती गावभर फरफटायची. मी तोंडाला पदर लावून बघायची.

मालकांना हसू आवरेना, म्हणून मी त्यांना रीळ आणायला धाडलं. ते गेले आणि नेमकी तेव्हाच डबी परत ओरडायला लागली. पण आता तिचं ओरडणं बराबर होतं, बॅटरी उतरत आली होती, इंजिन चालू करायला पाहिजे होतं. माझ्या हातात अर्धी साडी, समोर बायांची रांग. मागं वळून मी ओरडले, "मामा! बसा पुढं! इंजिन चालू करा अन् जरासक ॲक्सिलेटर द्या!"

सासऱ्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. मामा धोतर सावरून ड्रायव्हरच्या सीटवर चढले. इंजिन घुरघुरलं, डबी गप्प झाली, सुई पळायला लागली. पुढं डबी वाजली की मामा इंजिन चालू करायचे, थोड्या वेळानं बंद करायचे. मग डबी वाजायचीही वाट बघेनात. इतका धूर केला की मला ओरडून सांगावं लागलं, "मामा, साड्या काळ्या होऊन राहिल्या!" तर म्हणतात कसे, "तू तुहं काम कर, म्या माहं करून राहिलो." मालक रीळ घेऊन आले तरी यांनी सीट सोडली नाही. बसल्या जागेवरून बायांवर खेकसत होते, "बराबर उभ्या राहा, मधात घुसू नका!"

उन्हं कलायला लागली तसा हॉटेलातला त्यांचा दोस्त पान चघळत जीपजवळ आला. हा गावातला बातमीदार. याच्या तोंडात गेलेलं सांजच्याला दहा गावांत जायचं. तो दारावर कोपर टेकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं मामांना म्हणाला, "काय हो आबा, शेवटी सुनेला बाजारात बसवलंच म्हणायचं!"

माझा पाय पट्टीवरून निघाला. सुई साडीतच थांबली. इतके दिवस घरात वायर वायर म्हणून जे चाललं होतं, ते खरं हे होतं, आणि ते आता चारचौघांत उघडं पडलं होतं. मामा आता खाली उतरणार, डबीची वायर ओढणार आणि मशीन घरी जाणार, असं मला वाटलं. मला मागून त्यांची नुसती टोपी दिसत होती.

मामांनी खिडकीबाहेर थुंकल्यासारखं केलं.

"म्या कुठं बसवलं बा?" ते म्हणाले. "तिनं मला बसवलं. तू सरक तिकडं, बाया खोळंबल्या."